अमेरिकेची यादवी संपल्यावर काय झालं? गुलामगिरीनंतरच्या पुनर्बांधणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल आपल्याकडे पुष्कळांनी वाचलेलं असतं. लिंकन, गेटिसबर्ग, गुलामगिरीचा अंत, इथवर गोष्ट ठाऊक असते. पुढच्या बारा वर्षांविषयी मात्र पाठ्यपुस्तकांत फार तर एखादं वाक्य सापडतं. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, इतिहासाचे शिक्षक, अमेरिकेत राहणारे मराठी पालक आणि फुले-आंबेडकरांचे वाचक यांच्याकडून याच काळाबद्दल सारखे प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुनर्बांधणीचा काळ म्हणजे नेमका कधीपासून कधीपर्यंत?

साधारणपणे १८६५ ते १८७७. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स इथे शरणागती पत्करली आणि चार वर्षांचं युद्ध संपत आलं. मृतांचा जुना अंदाज ६,२०,००० आहे, नवे अभ्यासक तो साडेसात लाखांच्या आसपास नेतात. दक्षिणेची शहरं जळली होती, रेल्वे उखडली होती, आणि जवळजवळ ४० लाख माणसं गुलामीतून बाहेर आली होती. फुटून निघालेल्या अकरा राज्यांना परत कसं घ्यायचं आणि या ४० लाखांचं देशातलं स्थान काय, हे दोन प्रश्न एकाच वेळी सोडवायचे होते. काही इतिहासकार या काळाची सुरुवात १८६३ पासून धरतात, कारण मुक्तीचा जाहीरनामा तेव्हाचा आहे.

२. लिंकननी १८६३ मध्येच गुलामगिरी संपवली ना? मग १८६५ ला घटनादुरुस्ती कशासाठी?

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा हा युद्धकाळातला लष्करी हुकूम होता आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या प्रदेशापुरताच होता. संघराज्यातच राहिलेल्या केंटकी, डेलावेअर, मेरीलँड, मिसूरी या गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता. टेनेसी आणि केंद्राच्या सैन्याने आधीच जिंकलेले लुइझियाना-व्हर्जिनियाचे काही भागही वगळले होते. शिवाय युद्ध संपल्यावर न्यायालयात हा हुकूम टिकेल की नाही, याची लिंकन यांनाच खात्री नव्हती. म्हणून तेरावी दुरुस्ती. ती ६ डिसेंबर १८६५ रोजी मंजूर झाली. केंटकी आणि डेलावेअरमधले गुलाम त्या दिवसापर्यंत कायद्याने गुलामच होते.

तरीही जाहीरनाम्याला कागदी म्हणून मोडीत काढू नये. केंद्राचं सैन्य जिथे पोचलं तिथे तो लगेच खरा झाला, आणि त्यानेच कृष्णवर्णीयांना सैन्यभरती खुली केली. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक केंद्राच्या बाजूने लढले, त्यांतले बहुसंख्य कालपरवापर्यंत गुलाम होते.

३. अमेरिकेत १९ जूनला सुट्टी असते, ती कशाची?

१९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला. टेक्ससमध्ये तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती, आणि जाहीरनाम्याला अडीच वर्षं होत आली होती. हुकूम बजावायला सैन्यच तिथवर पोचलं नव्हतं. टेक्ससचे कृष्णवर्णीय लोक पुढच्याच वर्षापासून हा दिवस साजरा करू लागले. देशभराची सरकारी सुट्टी व्हायला २०२१ उजाडलं.

४. तेरावी, चौदावी, पंधरावी दुरुस्ती: परीक्षेत गोंधळ होतो. फरक सांगाल?

तेरावी (१८६५) गुलामगिरी बंद करते. तिच्यात एक अपवाद आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

चौदावी (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिक ठरवते आणि कोणत्याही राज्याला कायद्याचं समान संरक्षण नाकारता येणार नाही असं सांगते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही असं म्हटलं होतं. तो निकाल हिने पुसला. तिघींत सर्वांत जास्त वापरली गेलेली आणि सर्वांत जास्त भांडली गेलेली हीच.

पंधरावी (१८७०) वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी करते. ‘प्रत्येकाला मताधिकार आहे’ असं ती म्हणत नाही. या फटीतून पुढे काय शिरलं ते प्रश्न १५ मध्ये वाचा.

५. हरलेल्या राज्यांना परत कसं घेतलं?

दोनदा घेतलं म्हटलं तरी चालेल. १४ एप्रिल १८६५ ला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. जॉन्सन टेनेसीचे, गरीब गोऱ्या घरातले. मोठ्या मळेवाल्यांवर त्यांचा राग होता, पण कृष्णवर्णीयांना बरोबरीचे मानायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. मे १८६५ मध्ये त्यांनी सरसकट माफी दिली. मोठ्या मालमत्तेवाल्यांनी मात्र व्यक्तिशः अर्ज करायचा होता, आणि ते अर्जही भराभर मंजूर झाले.

परिणाम त्याच हिवाळ्यात दिसला. मिसिसिपी, साउथ कॅरोलायना वगैरे राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. दर वर्षी जानेवारीत कामाचा लेखी करार हवा. मध्येच काम सोडलं तर कमावलेली मजुरी बुडाली. करार नसेल तर भटक्या म्हणून अटक आणि दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. मिसिसिपीत तर गावाबाहेरची शेतजमीन त्यांना भाड्याने द्यायलाही बंदी आली. सालगड्याला निदान साल संपल्यावर दुसरा मालक शोधता येतो. इथे तेही कठीण केलं होतं. त्यातच दक्षिणेने वॉशिंग्टनला निवडून पाठवलेल्यांमध्ये बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्सच होते.

अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, या मंडळींना आत घेतलं नाही. १८६६ मध्ये मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या आणि उत्तरेतलं मत फिरलं. मार्च १८६७ मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा झाला. आधीच परत आलेलं टेनेसी सोडून उरलेल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग झाले. कृष्णवर्णीय पुरुषांना मत देऊन नवी राज्यघटना करा, चौदावी दुरुस्ती मान्य करा, मगच परत या, अशी अट होती. १८७० पर्यंत सगळी राज्यं परतली.

६. जॉन्सनवर महाभियोग याच कारणासाठी चालला का?

कागदावर कारण वेगळं होतं: संसदेने केलेला कायदा मोडून युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढणं. खरं भांडण प्रश्न ५ मधलं. मे १८६८ मध्ये सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली आणि दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडलं. जॉन्सन वाचले. नोव्हेंबरात युद्धातले उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट अध्यक्ष म्हणून निवडून आले.

७. बंडखोर नेत्यांना शिक्षा झाली का?

जवळजवळ नाही. बंडखोर सरकारचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षं फोर्ट मन्रोत कैदेत होते, १८६७ मध्ये जामिनावर सुटले, खटला कधी चाललाच नाही. अँडरसनव्हिल युद्धकैदी छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ फाशी गेला. चौदाव्या दुरुस्तीने अनेक बंडखोरांना पदं बंद केली होती, १८७२ च्या माफीने बहुतेकांना ती पुन्हा उघडली. वर आलेले स्टीव्हन्स १८७३ मध्ये परत संसदेत बसले. एवढ्या रक्तपातानंतर सूड टाळला हे चांगलंच. पण ही उदारता हरलेल्या मालकांच्या वाट्याला आली आणि तिची किंमत मुक्त झालेल्यांनी मोजली, असं मला या सगळ्या कागदपत्रांतून दिसतं.

८. मालकांना नुकसानभरपाई मिळाली? आणि गुलामांना?

राजधानी वॉशिंग्टनमध्ये मिळाली. एप्रिल १८६२ च्या कायद्याने तिथल्या मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात आली. बाकी देशात चौदाव्या दुरुस्तीच्या चौथ्या कलमाने असा कोणताही दावा कायमचा बाद केला. (ब्रिटनने आपल्या वसाहतींतल्या मालकांना दोन कोटी पौंड वाटले होते.) गुलामीत राबलेल्यांना मात्र कुणीच काही दिलं नाही. जमिनीचा एक प्रयत्न झाला होता, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

९. ‘४० एकर आणि एक खेचर’ हे खरंच देऊ केलं होतं की दंतकथा आहे?

देऊ केलं होतं, आणि हजारो कुटुंबं त्या जमिनीवर पेरणीही करत होती.

१२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात केंद्राच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलं होतं. आम्हाला जमीन द्या, आम्ही ती आमच्या श्रमाने कसू आणि आमचं आम्ही भागवू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. चार दिवसांत शर्मन यांचा विशेष हुकूम क्रमांक १५ निघाला. साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा किनाऱ्यावरची जप्त आणि सोडून दिलेली जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटायची. खेचराचा उल्लेख हुकुमात नाही, सैन्याने नंतर काहींना आपली जादा जनावरं दिली. जूनपर्यंत सुमारे ४०,००० लोक तिथे वसले.

मग जॉन्सन यांच्या माफ्या सुरू झाल्या, आणि माफीबरोबर जमीनही जुन्या मालकाला परत. मुक्त लोकांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याचे, फ्रीडमेन्स ब्युरोचे, प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांना ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावर जाऊन लोकांना सांगावं लागलं की जमीन सोडा, मालकांशी समेट करा. चर्चमध्ये जमलेल्या माणसांनी तिथेच निषेध केला आणि नंतर अर्ज लिहिले. ज्यांनी देशाशी युद्ध पुकारलं त्यांना जमीन मिळते आणि देशाच्या बाजूने उभे राहिलेल्या आम्हाला हुसकावलं जातं, हा त्या अर्जांचा सूर. ते आजही वाचायला मिळतात. या काळाबद्दल एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर ते वाचावेत.

१८६६ मध्ये दक्षिणेतल्या पाच राज्यांत सरकारी जमीन देण्याचा वेगळा कायदा झाला. ती जमीन बहुतेक जंगलाची, दलदलीची किंवा नापीक. बैल-अवजारांना भांडवल नसलेल्यांना तिचा फारसा उपयोग झाला नाही.

१०. मग शेती कशी चालली? मजूर आणि मालक तेच ना?

मळेवाल्यांकडे जमीन होती, मजुरीला रोकड नव्हती. मुक्त झालेल्यांकडे हात होते, जमीन नव्हती. पुन्हा मुकादमाच्या नजरेखाली टोळीने राबायला ते तयार नव्हते. यातून बटाई रुजली: मोठ्या मळ्याचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एक कुटुंब, सुगीला वाटणी. अवजारं-जनावरं मालकाची असतील तर बहुधा निम्मेनिम. सुरुवातीला अनेकांना हे पुढचं पाऊल वाटलं, कारण कामाच्या वेळा आपल्या हातात आल्या, बायका-मुलांना शेतावर किती राबवायचं हे घर ठरवू लागलं.

फास उधारीचा होता. पीक येईपर्यंत खाणं, बियाणं, कापडचोपड दुकानातून उधार, आणि तारण म्हणून उभं पीक. दुकानदार उधारीचा भाव रोखीपेक्षा बराच चढा लावायचा, कापूसच पेरा म्हणायचा, वही त्याच्याच हातात. कापसाचे भाव उतरत गेले तशी बाकी पुढच्या सालावर चढत गेली. पुढे गरीब गोरे शेतकरीही मोठ्या संख्येने यात अडकले.

दख्खनच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि दोन्हींच्या मागे एकच कापूस-बाजार आहे. युद्धकाळात अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर आपल्याकडे भाव चढले, सावकारांनी सढळ कर्ज दिलं; युद्ध संपून भाव कोसळल्यावर तेच कर्ज गळ्याशी आलं. त्यात सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. १८७९ मध्ये इथे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत कायदे दुकानदार-मालकाचा पिकावरचा हक्क पक्का करणारे झाले.

११. स्वतंत्र झाल्यावर लोकांनी स्वतः पहिल्यांदा काय केलं?

माणसं शोधली. विक्रीत ताटातूट झालेली आई, नवरा, मुलं शोधत लोक शेकडो मैल चालत गेले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत ‘माहिती हवी आहे’ अशा जाहिराती छापून येत: मुलाचं नाव, तो कुणी कुणाला विकला, शेवटचा कुठे दिसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या येत राहिल्या. म्हणजे चाळीस वर्षांनीही कुणीतरी वाट पाहत होतं.

लग्नं नोंदवली. गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हतं. आता नातवंडं असलेली जोडपी दाखला घ्यायला रांगेत उभी राहिली.

आणि शाळा. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुन्हा होता. आता दिवसा मुलं आणि रात्री म्हातारेकोतारे एकाच बाकावर बसू लागले. फ्रीडमेन्स ब्युरोने आणि उत्तरेतल्या मिशन संस्थांनी मदत केली, पण जागा, लाकूड आणि शिक्षकाचा पगार पुष्कळदा लोकांनी वर्गणीतून उभा केला. फिस्क (१८६६), हॉवर्ड (१८६७), हॅम्प्टन (१८६८) या संस्था तेव्हाच्या. १८७० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ ८० टक्के निरक्षर होते, १९०० मध्ये सुमारे ४४ टक्के. मधल्या तीस वर्षांतल्या निम्म्याहून अधिक काळात सरकारं त्यांच्या विरोधात होती. हा आकडा मला या काळातला सर्वांत मोठा विजय वाटतो.

पैशाची कहाणी कडू आहे. सरकारी सनदेच्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेवर लोकांनी विश्वास टाकला. १८७३ च्या मंदीत आणि संचालकांच्या बेफिकीर कर्जवाटपात ती १८७४ मध्ये बुडाली. ६१,००० ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले.

१२. कालचे गुलाम खरंच आमदार-खासदार झाले?

झाले. स्थानिक पदांपासून संसदेपर्यंत मिळून सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी या काळात पदं भूषवली. फेब्रुवारी १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये बसले, डिसेंबरात साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात. साउथ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात काही काळ कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. लुइझियानात पी. बी. एस. पिंचबॅक काही आठवडे गव्हर्नर होते.

रॉबर्ट स्मॉल्स यांचं चरित्र मुलांना जरूर सांगा. मे १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या बोटीवर ते गुलाम खलाशी होते. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले असताना त्यांनी बोट ताब्यात घेतली, घरच्यांना चढवलं, कप्तानाची टोपी घालून ठरलेले इशारे देत तोफांसमोरून बोट बाहेर काढली आणि केंद्राच्या नौदलाच्या हवाली केली. पुढे ज्या मालकाच्या घराच्या आवारात जन्मले तेच घर त्यांनी विकत घेतलं. १८६८ च्या राज्यघटना सभेत सार्वजनिक मोफत शाळांसाठी झटले आणि पाच वेळा संसदेत गेले.

१३. ती सरकारं भ्रष्ट होती म्हणून पडली, असं वाचलं. खरं?

भ्रष्टाचार होता, रेल्वेच्या कर्जरोख्यांत विशेष. पण त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहर गोऱ्या पुढाऱ्यांची ट्वीड टोळी लुटत होती, आणि त्यावरून कुणी गोऱ्यांचा मताधिकार काढा म्हटलं नाही. कर वाढले हेही खरं. शाळा, दवाखाने जिथे नव्हतेच तिथे ते पहिल्यांदा उभे राहत होते.

हा समज पसरवण्यात कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांचा मोठा हात आहे. कृष्णवर्णीयांना मत देणं हीच चूक होती, असं अनेक पिढ्या शिकवलं गेलं. कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याचं सविस्तर खंडन केलं, तरी पाठ्यपुस्तकं बदलायला १९६० चं दशक उजाडलं.

१४. कू क्लक्स क्लॅनला कुणी अडवलं नाही?

अडवलं, आणि जेव्हा अडवलं तेव्हा ती मोडली. टेनेसीतल्या पुलास्कीत युद्धानंतर लगेच सुरू झालेली ही संघटना रात्री घरांत शिरून मतदार, शिक्षक, उमेदवार यांना फटके मारायची, ठार करायची. १८७०-७१ मध्ये संसदेने कडक कायदे केले. अध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत अटकेविरुद्धची न्यायालयीन दाद स्थगित करून सैन्य पाठवलं. ॲटर्नी जनरल एमॉस ॲकरमन यांनी खटले भरले. १८७२ ची निवडणूक दक्षिणेत त्यामानाने शांततेत झाली.

टिकलं नाही, कारण माणूसबळच नव्हतं. युद्ध संपताना दहा लाखांचं असलेलं सैन्य १८६६ च्या अखेरीकडे साऱ्या देशात मिळून ४० हजारांच्याही खाली आलं होतं. फ्रीडमेन्स ब्युरोकडे संपूर्ण दक्षिणेत एका वेळी ९०० हून अधिक अधिकारी कधीच नव्हते. १३ एप्रिल १८७३, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे कचेरीचं रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला. अनेकांना शरण आल्यावर मारलं. मृतांचे अंदाज ६० ते १५० पर्यंत जातात. जे मोजके दोषी ठरले त्यांनाही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं: चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. कोलफॅक्सनंतर क्लॅनसारख्या बुरख्याची गरज उरली नाही. १८७५ मध्ये मिसिसिपीत दिवसाढवळ्या बंदुका घेऊन मतदार हुसकावले, गव्हर्नर अडेल्बर्ट एम्स यांनी सैन्य मागितलं, ते आलं नाही.

१५. १८७७ चा सौदा काय होता? आणि दुरुस्ती असूनही मतं कशी काढून घेतली?

१८७६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट (दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष) सॅम्युएल टिल्डन १८४ निर्वाचक मतांवर अडले, जिंकायला १८५ हवी होती, आणि २० मतं वादात. संसदेने नेमलेल्या आयोगाने ८ विरुद्ध ७ ने सगळी रिपब्लिकन (लिंकन यांचा पक्ष) रुदरफर्ड हेज यांना दिली. पडद्याआड बोलणी झाली. हेज अध्यक्ष झाले आणि एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना व लुइझियानाच्या विधान भवनांवरचा लष्करी पहारा उठला. ती दोन सरकारं पडली. बाकीची राज्यं आधीच डेमोक्रॅटांकडे गेली होती, म्हणून एका सौद्याने सगळं संपलं असं मानू नका.

मताधिकार त्याच दिवशी गेला नाही. अनेक भागांत कृष्णवर्णीय पुढेही मत देत होते. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली, तिच्यात मतदानासाठी कर आणि घटनेचं कलम वाचून समजावण्याची परीक्षा. वंशाचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून पंधराव्या दुरुस्तीचा भंग नाही! परीक्षक गोरा, पास-नापास त्याच्या मर्जीवर. लुइझियानाने १८९८ मध्ये, ज्यांचे वाडवडील १८६७ च्या आरंभी मतदार होते त्यांना परीक्षा माफ केली. गोरे सुटले. तिथले नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १८९६ मध्ये १,३०,३३४ होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. १९०१ मध्ये जॉर्ज व्हाइट संसदेतून बाहेर पडल्यावर दक्षिणेतून पुढचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी १९७२ मध्ये निवडून आले.

१६. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा तिथे हे सगळं चालू होतं. त्यांना कल्पना नव्हती का?

अर्पणपत्रिका १८७३ ची. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे त्याग केला त्यांना ती आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा तिच्यात आहे. त्याच वसंतात कोलफॅक्स घडलं हे खरं. पण त्याच वर्षी अमेरिकी प्रतिनिधिगृहात सात कृष्णवर्णीय सदस्य बसले होते आणि तिन्ही दुरुस्त्या ताज्या होत्या. पुण्यात बसून १८७३ मध्ये अमेरिकेकडे आशेने पाहणं पूर्ण वाजवी होतं. जोतीरावांनी सरकारला नव्हे, गुलामीविरुद्ध झटलेल्या माणसांना मान दिला, हेही लक्षात घ्या. आपल्याकडच्या जातिदास्याला त्यांनी जगातल्या दुसऱ्या दास्याशेजारी ठेवून पाहिलं, ही झेप त्या काळात विलक्षण आहे.

बाबासाहेबांबद्दलही विचारतात. १९१३ ते १९१६ ते कोलंबियात शिकत होते, म्हणजे डनिंग (प्रश्न १३) तिथे असतानाच. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की तो अभ्यास आवश्यकच ठरतो, असं सांगून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर पाठवलं.

१७. तेराव्या दुरुस्तीत तुरुंगाचा अपवाद आहे, तो खरंच वापरला गेला?

भरपूर. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल, असे शब्द तिच्यात आहेत. ते १७८७ च्या एका जुन्या कायद्यातून थोड्या फरकाने आले. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकेपणासारख्या क्षुल्लक आरोपांवर माणसं पकडून कैदी खाणी, रेल्वे, मळे यांना भाड्याने दिले. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा, त्यामुळे मृत्यूचं प्रमाण भीषण होतं. अलाबामाने ही पद्धत सर्वांत शेवटी, १९२८ मध्ये बंद केली. अपवादाचे शब्द केंद्रीय घटनेत आजही आहेत. कोलोरॅडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यघटनेतून ते काढले, त्यानंतर आणखी काही राज्यांनी.

१८. आमची मुलगी न्यू जर्सीत जन्मली, आम्ही व्हिसावर होतो. तिचं नागरिकत्व चौदाव्या दुरुस्तीमुळेच का?

हो, तिच्या पहिल्याच वाक्यामुळे. चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ते मान्य केलं. त्यांचे आईवडील मात्र तिथे कायम राहत होते, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांचा वाद नेमका इथून उकरला जातो. जानेवारी २०२५ मध्ये अशा मुलांचं नागरिकत्व नाकारणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. तो आदेश पुढच्या तारखांनंतर जन्मणाऱ्या मुलांपुरता होता. तुमच्या कागदपत्रांसाठी इमिग्रेशन वकिलाचाच सल्ला घ्या.

१९. गुलामगिरी संपल्यामुळे दक्षिणेचीच संसदेतली ताकद वाढली, हे कसं?

मूळ घटनेत जागा ठरवताना एक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरला जाई. गुलामगिरी संपताच तो पूर्ण मोजला जाणार, म्हणजे युद्ध हरून दक्षिणेला जास्त जागा, आणि मत मात्र गोऱ्यांनाच. हे टाळण्यासाठी चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात तरतूद केली: प्रौढ पुरुषांचं मत नाकाराल तर त्या प्रमाणात जागा कमी. ती एकदाही अमलात आली नाही. १९०० नंतर नेमकं तेच झालं ज्याची भीती होती.

याच कलमात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला. त्यावरून आणि पंधराव्या दुरुस्तीत लिंगाचा उल्लेख नाही यावरून १८६९ मध्ये स्त्री-मताधिकाराची चळवळ दुभंगली. सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन विरोधात गेल्या, ल्युसी स्टोन आणि फ्रान्सिस हार्पर पाठीशी राहिल्या.

२०. मूळ अमेरिकन जमातींकडेही गुलाम होते म्हणतात. त्यांना तेरावी दुरुस्ती लागू झाली का?

चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांत काही लोक कृष्णवर्णीय गुलाम बाळगत. ही राष्ट्रं वेगळी सार्वभौम मानली जात, म्हणून तिथला प्रश्न १८६६ च्या स्वतंत्र करारांनी सोडवला गेला. चेरोकी करारात मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सर्व हक्क दिले. चिकासॉंनी आपल्या मुक्त गुलामांना सदस्यत्व कधीच दिलं नाही. २००७ मध्ये चेरोकींनी मतदान घेऊन या वंशजांना वगळायचं ठरवलं. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने १८६६ च्या कराराच्या आधारे त्यांचा हक्क कायम केला, आणि २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या अटीचे शब्द आपल्या घटनेतून काढायचा आदेश दिला.